शेट, तुमचं नाव काय?

पुण्याच्या कॅम्पातल्या एका इराण्याच्या हॉटेलात मी बत्तीस वर्षे चहा प्यालो. 1977 साली कॉलेजात नाव घातले तेव्हापासून ते 2009 साली त्या हॉटेलच्या दाराला कायमचे कुलूप लागेपर्यंत. या बत्तीस वर्षांत गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थांशी मी पावसापाण्यापासून क्रिकेटपर्यंत आणि साखरेच्या भावापासून परलोकापर्यंत सर्व विषयांवर बोललो. पण त्यांचे नाव काय, हे मला माहीत नव्हते. खोटे कशाला सांगू, ते विचारावे असेही कधी वाटले नाही. पोरे त्यांना ‘शेट’ म्हणत, पाववाला ‘शेट’ म्हणे, हप्त्याने येणारा हवालदारही ‘शेट’च म्हणे. मीही म्हणू लागलो. इराण्याच्या हॉटेलात गल्ला असतो आणि गल्ल्यामागे शेट असतो. त्याला आणखी निराळे नाव कशाला हवे?

हॉटेल बंद झाले त्या दिवशी संगमरवरी टेबले टेम्पोत चढत होती. शेट एका उरलेल्या खुर्चीवर बसून ती मोजत होते. निरोप घ्यायचा म्हणून मी पुढे झालो आणि एकदम लक्षात आले, की उद्या या माणसाला शोधायचे म्हटले तर विचारू कुणाला आणि काय म्हणून? तेव्हा ओशाळून विचारले, “शेट, तुमचं नाव काय?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“कुठला सांगू?” ते म्हणाले. “पासपोर्टमधला, लायसनमधला, अगियारीतला, का आईचा?”

या एका प्रश्नाने मला पुढची सात वर्षे पुरली. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्या बैठकांत जे कळले, आणि त्या ओघात मी जे इकडून तिकडून वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. शेटची अट एकच होती. “बाकी सगळा छाप. माझा नाव छापू नको. छापलेला नाव माझा नसतेच.” ती अट मी पाळली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. आपण पारशी आणि इराणी यांची सरसकट एकाच बरणीत भरणी करतो. धर्म एकच, झरतुष्ट्राचा. पण पारशी हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि गुजराती बोलू लागले. आपले इराणी हॉटेलवाले आले ते एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, इराणच्या मधल्या वाळवंटाच्या कडेवरील यझ्द आणि केरमान या दोन शहरांच्या आसपासच्या खेड्यांतून. शेट आले 1946 साली, अकरा वर्षांचे असताना, चुलत्याचे बोट धरून. त्यांचे गाव यझ्दच्या नैर्ऋत्येला, शीरकूहच्या पायथ्याशी असलेल्या तफ्तजवळ. मातीच्या विटांची घरे, जमिनीखालून बोगद्याने आणलेले कनातीचे पाणी आणि डाळिंबाच्या बागा. शेटच्या तोंडी डाळिंबाचा विषय निघाला की तासभर दुसरा विषय निघत नसे. आपण तो इथे टाळू.

या लोकांची घरातली भाषा फारसी नव्हे. फारसी ही शाळेची, बाजाराची आणि सरकारची. घरात ते जी बोली बोलतात तिला ते ‘दरी’ किंवा ‘बेहदिनी’ म्हणतात. अफगाणिस्तानातली दरी निराळी. नावापलीकडे दोघींचा संबंध नाही. शेजारचे मुसलमान हिला ‘गवरूनी’ म्हणत, म्हणजे गबरांची बोली, आणि ‘गबर’ हा शब्द प्रेमाने कुणी उच्चारीत नसे. ही बोली लिहिली जात नसे. गावागणिक तिचे रूप बदलते, इतके, की तफ्तकडचा माणूस शरीफाबादच्या बाईची नक्कल करून लग्नघर हसवू शके. फारसी बोलणाऱ्या परक्याला ती कळत नाही, आणि शेकडो वर्षे हाच तिचा मोठा उपयोग होता. दारात वसुलीचा माणूस उभा असला तर घरातल्या घरात काय ते बोलून घेता येई.

आपल्याला मात्र या बोलीत काही ओळखीचे चेहरे भेटतात. फारसीत मुलाला ‘बच्चे’ म्हणतात; तो शब्द आपण ‘बच्चा’ म्हणून घेतलाच आहे. दरीत म्हणतात ‘वचा’. संस्कृतातला ‘वत्स’ इतक्या दूर, वाळवंटात बसलेला आढळावा याची मला मोठी गंमत वाटली. फारसीचा वारा ‘बाद’, यांचा ‘वाद’, आपला ‘वात’. बाईला फारसीत ‘झन’, यांच्यात ‘येन’. आणि मुलगा म्हणजे ‘पोर’! शेटने पहिल्यांदा हा शब्द सांगितला तेव्हा मला वाटले ते मराठीच बोलत आहेत. फारसीत ‘पूर’ हा मुलाला जुना शब्द आहे. आता तो बहुधा आडनावांच्या शेपटीलाच उरला आहे. तो या खेड्यांत अजून अंगणात खेळत होता. मराठी ‘पोरा’शी त्याचे रक्ताचे नाते आहे की नुसते तोंडसारखेपण, हे पंडितांनी ठरवावे. मला तर ते ऐकायला गोड वाटले.

एडवर्ड ब्राउन नावाचा इंग्रज विद्वान 1888 साली यझ्दला गेला होता, तिथे अर्देशीर मेहरबान या जरथुष्ट्री व्यापाऱ्याने त्याची सोय केली होती. ब्राउनने पुढे 1897 साली या बोलीचा एक नमुना विलायतेतल्या नियतकालिकात छापला. केरमानच्या जमशीद सोरुशियान यांनी 1956 साली या बोलीचा कोश काढला. शेटना मी कोशाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांना ती पटेना. “घरात बोलायचा भाषाचा डिक्शनरी? मग आई कशाला असते?”

आता नावांकडे वळू.

शेटच्या वडिलांचे नाव छापायला त्यांनी परवानगी दिली. (“बापाला आता कोण पकडते?”) ते होते मुंदेगार. त्या मुलखात बऱ्याच जणांचे असते. शुद्ध फारसीत हा शब्द ‘मांदेगार’. बोलण्यात ‘न’च्या आधीचा ‘आ’ ‘ऊ’कडे झुकतो. ‘नान’ची ‘नून’ होते, ‘जान’ची ‘जुन’ होते, तसा ‘मांदेगार’चा ‘मुंदेगार’ झाला. अर्थ काय, तर राहणारा, टिकणारा. आधीची मुले पाळण्यातच गेली, आता हा तरी राहो, म्हणून ठेवलेले नाव.

मी म्हटले, “शेट, आमच्याकडे अशा पोराला धोंडू म्हणतात. किंवा दगडू.”

“दगड कशाला?”

“दगड टिकतो म्हणून. आणि दगडावर कुणाची नजर पडत नाही.”

यावर ते बराच वेळ विचार करीत बसले. मग म्हणाले, “तुमचा आई जास्त हुशार. आमचा आई सांगून टाकते, हा राहणार आहे. सैतानला पण ऐकू जाते ना!”

मुले न जगण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच, फक्त आमच्या बायकांनी ते लपवले आणि त्यांच्या बायकांनी उघड मागितले. मुली नकोशा होण्याचे दुःखही सारखे आहे. इराणात काही भागांत एकामागून एक मुली झाल्या की शेवटचीला ‘दुख्तरबस’ म्हणत, मुली पुरे! अझरबैजानकडे तिलाच ‘किझबस’ म्हणतात. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ‘नकोशी’ अजून कुणी विसरले नसेल. 2011 साली दोनशेहून अधिक मुलींची ती नावे समारंभ करून बदलण्यात आली. शेटच्या गावात मात्र असे नाव त्यांनी ऐकले नव्हते. तिथल्या मुली शिरीन, गोहर, मोरवारीद, दौलत, खुर्शीद, फिरोझा अशा असत. मोरवारीद म्हणजे मोती. दौलत तर आपल्याकडे मिशीवाला असतो, दौलतराव.

पुरुषांच्या नावांत एक ‘खुदा’ची रांगच आहे. खुदादाद, खुदाबक्ष, खुदारहम, खुदामुराद, खुदायार. देवाने दिलेला, देवाने बक्षीस दिलेला, देवाची दया, देवाची इच्छा, देव ज्याचा सोबती. आपला देवदत्त किंवा दत्तू या पंक्तीला सहज बसेल. शेटचे स्वतःचे नाव याच रांगेतले होते, इतके सांगायला हरकत नाही. ही नावे इतकी का, यावर शेटचे एक मत होते आणि मला ते पटते. ‘खुदा’ हा शब्द मुसलमानालाही चालतो आणि जरथुष्ट्र्यालाही. खुदाबक्ष नावाचा माणूस रस्त्यात भेटला तर तो कोणत्या धर्माचा हे नावावरून कळत नाही. आणि त्या काळी न कळणे हीच सोय होती.

तो काळ कसा होता ते थोडक्यात सांगतो. नेपिअर माल्कम नावाचा पाद्री त्या काळात यझ्दला पाच वर्षे राहिला होता. 1905 साली छापलेल्या पुस्तकात त्याने तिथल्या जरथुष्ट्र्यांवरील बंधनांची यादीच दिली आहे. 1885पर्यंत बोटात अंगठी घालायची नाही. 1895पर्यंत छत्री धरायची नाही. डोळ्यांना चष्मा लावायचा नाही, तेही 1895पर्यंतच. त्याआधी जिझिया होताच. तो उठवण्यासाठी मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठवले. त्यांनी तीन दशके खटपट केली आणि 1882 साली शहाच्या फर्मानाने जिझिया बंद झाला. यझ्दकडे अजून त्यांचे नाव ‘माणेकजी साहेब’ असेच घेतात. हा ‘साहेब’ त्यांच्या नावाला मुंबईहून चिकटून गेला आणि तिकडेच राहिला. स्वतः माणेकजी मात्र आपल्याला ‘दरवेश फानी’ म्हणवीत, म्हणजे नश्वर फकीर.

अशा समाजात कुणाला काय म्हणून हाक मारायची हा साधा प्रश्न नव्हता. मक्केला जाऊन आलेला तो हाजी. करबला करून आलेला करबलाई, मशहदला जाऊन आलेला मशहदी, त्याचे बोलण्यात ‘मश्ती’. गावात कुणी भेटला तर यांतले काहीतरी लावून हाक मारायची, नुसते नाव घेणे म्हणजे अपमान. जरथुष्ट्री माणसाला यांतले काहीच लावता येत नाही. मग त्याच्या वाट्याला नुसते नाव, नाहीतर ‘गबर’. यातून वाट निघाली ती पैशाची. जमीनजुमला आणि व्यापार असलेल्या जरथुष्ट्र्याला ‘अर्बाब’ म्हणू लागले, म्हणजे मालक, धनी. 1906च्या पहिल्या मजलिसीत जरथुष्ट्र्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले ते अर्बाब जमशीद. 1909पासून त्यांच्या जागी आले ते अर्बाब कैखुस्रो शाहरुख. कारागिराला ‘उस्ताद’, धर्मगुरूला ‘दस्तूर’ किंवा ‘मोबेद’, आणि शिकलेल्याला चक्क ‘मुल्ला’! मुंबईत ज्यांच्या ग्रंथसंग्रहाचे नाव अजून घेतात ते मुल्ला फिरोझ पारशी धर्मगुरूच होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

“म्हणजे शेट, तुम्ही तिकडे राहिला असता तर अर्बाब झाला असता,” मी एकदा म्हटले.

“आमचा बाप दुसऱ्याचा डाळिंब तोडत होता,” ते म्हणाले. “अर्बाब झाड्याच्या मालकला म्हणते. इथे येऊन मी शेट झालो. चहा विकून.”

पुण्यात आल्यावर त्यांचे नाव कसकसे फिरले ती हकीकत मजेची आहे, निदान ते मजेने सांगत. तफ्तकडे आडनाव नव्हतेच. माणसाच्या मागे बापाचे नाव आणि त्यामागे आजोबाचे, अशी साखळी. इराणात आडनावाची सक्ती झाली ती 1925च्या कायद्याने. त्याच वर्षी जुने किताबही रद्द झाले. मग लोकांनी आजोबा, पणजोबा, गाव जे हाती लागेल त्याला ‘ई’, ‘यान’, ‘झादे’, ‘पूर’ अशी शेपटे लावून आडनावे केली. हिंदुस्थानात आलेल्यांना हा खटाटोप करावा लागला नाही. इथल्या कारकुनाने विचारले, “कुठून आलात?” आणि उत्तर ऐकून आडनावाच्या जागी ‘इराणी’ लिहिले. शेटच्या वडिलांचे एक भाऊ यझ्दमध्ये राहिले, एक तेहरानला गेले, एक पुण्याला आले. एकाच आजोबाच्या नातवंडांची त्यामुळे तीन आडनावे झाली. 1979च्या क्रांतीनंतर त्यांतले काही अमेरिकेला गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला आपण चुलत भाऊ आहोत हे पटवून देता देता त्यांच्या नाकी नऊ आले.

शाळेतले तर विचारूच नका. शाळेचे नाव सांगत नाही. मास्तरांनी बापाचे नाव विचारले. शेट म्हणाले, “मुंदेगार.” मास्तरांनी कान पुढे केला आणि लिहिले, “मुदलियार.” दाखल्यावर तेच राहिले, दाखल्यावरून हॉटेलच्या परवान्यात तेच गेले. पुढे चाळीस वर्षे कचेऱ्यांतले कागद या इराण्याचा बाप मद्रासी असल्याचे सांगत होते. एकदा एका खात्यातल्या साहेबाने तमिळमध्ये दोन वाक्ये बोलून त्यांची परीक्षासुद्धा घेतली.

“तुम्ही ते बदलून का घेतलं नाही?”

“घेतला असता. पण बदलायला गेला की तो विचारणार, आता खरा काय ते लिहून दाखव. मला आमच्या गावचा नाव कोणत्या अक्षरमध्ये लिहायचा तेच माहीत नाही, डिकरा.”

‘डिकरा’ हा पारशी गुजरातीतला. इराणी लोकांनी तो इथे उचलला. पण घरात, नातीशी बोलताना, शेट तिला दुसरेच काही म्हणत, आणि त्याने मी पहिल्या रविवारीच बुचकळ्यात पडलो. पाच वर्षांची पोर खेळत होती आणि ऐंशीकडे झुकलेला आजोबा तिला हाक मारीत होता, “बाबा! ए बाबा, इकडे ये!” मला वाटले, आपण नाही का ‘अरे बाबा’ म्हणतो, तसे असेल. पण तसे नव्हते. इराणात वडील माणूस लहानाला स्वतःचे नाते देऊन हाक मारतो. बाप मुलाला ‘बाबा’ म्हणतो. आई आपल्या मुलाला ‘मामान’ म्हणते, म्हणजे आई. काका पुतण्याला ‘अमू’ म्हणतो, म्हणजे काका! हे सबंध इराणभर चालते, तेहरानच्या गाड्यांच्या गर्दीतही आणि यझ्दच्या बोळांतही. हाकेत नाते दोन्ही टोकांनी धरलेले असते. एक टोक पोराच्या हातात, एक बापाच्या. आपल्याकडे असे काही आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला. कोकणातली माझी आजी मला ‘बाय माझी’ म्हणत असे, पण तो तिचा लोभ होता. नियम नव्हे.

नात्यांच्या बाबतीत मात्र फारसीचे आणि आपले घर एकाच नकाशावर बांधलेले आहे. बापाचा भाऊ ‘अमू’, आईचा भाऊ ‘दायी’, बापाची बहीण ‘अम्मे’, आईची बहीण ‘खाले’. काका, मामा, आत्या, मावशी. इंग्रजीसारखी सगळ्यांना एकाच अंकलच्या कोटात कोंबायची गरिबी इथे नाही. शब्दांच्या बाबतीत फजिती होते ती अशी, की शीराझकडे ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि फारसीत ‘मामा’ म्हणजे सुईण. एखादा मराठी माणूस इराणात जाऊन ‘मामा, मामा’ करू लागला तर लोक गरम पाणी ठेवतील.

नवऱ्याचे नाव न घेण्याची चालही आपल्याच घरातली वाटावी अशी आहे. जुन्या इराणात पुरुष चारचौघांत बायकोला ‘मंझिल’ म्हणे, म्हणजे घर, किंवा ‘मुलांची आई’. आपल्याकडचे ‘घरातून’ आणि ‘मंडळी’ याहून फार लांब नाहीत. शेटची आई त्यांच्या वडिलांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारी, अमक्याचे बाबा म्हणून. गंमत अशी, की थोरल्याला आजोबांचे नाव दिलेले होते. सासऱ्याचे नाव सुनेने कसे घ्यावे? म्हणून त्याला घरात निराळेच नाव पडले, आणि खरे नाव फक्त कागदावर आणि प्रार्थनेत राहिले. हे ऐकताना मी आमच्याच वाड्यातल्या माजघरात बसलो आहे असे मला वाटले.

प्रार्थनेतले नाव ही आणखी निराळी गोष्ट. तिथे गरीब-श्रीमंत, अर्बाब-मजूर काही नाही. धर्मगुरूंच्या घराण्याबाहेरचा प्रत्येक माणूस, पुरुष असो की बाई, ‘बेहदीन’. बेहदीन अमुक, बेहदीन तमुकचा पुत्र. म्हणजे चांगल्या धर्माचा माणूस. जिवंत असला तर ‘झिंदे रवान’ आणि गेला असला तर ‘अनुशे रवान’, अमर आत्म्याचा. ज्याला रस्त्यात कुणी ‘आगा’ म्हणत नव्हते त्याला अग्नीपुढे ही पदवी रोज मिळत असे. शेटच्या बोलीचे नावही, ‘बेहदिनी’, त्यातूनच आले.

जुनी राजेरजवाड्यांची नावे ही या लोकांची दुसरी मिरास. जमशीद, फरिदून, कैखुस्रो, रुस्तम, गुश्तास्प, अर्देशीर. ती यांनी कधी सोडली नाहीत. यांतली काही आपल्या भाषेत उलगडून पाहिली तर घरचीच निघतात. गुश्तास्पच्या शेपटातला ‘अस्प’ म्हणजे अश्व. अर्देशीरच्या मुळात ‘ऋत’ आणि ‘क्षत्र’ हे दोन्ही आहेत. खुस्रो म्हणजे सुश्रवस्, ज्याची कीर्ती चांगली तो. आणि जमशीदमधला ‘जम’ म्हणजे आपला यम! त्यांचा यम विवंहवंताचा मुलगा, आपला विवस्वानाचा. त्यांच्याकडे तो सुवर्णयुगाचा राजा झाला आणि आपल्याकडे रेड्यावर बसला. इतिहासात एखादा यमाजी भेटतो, पण आज पोराचे नाव यम ठेवायला कोणती मराठी आई धजेल? मुंबईत मात्र जमशेद म्हणून त्याला घरोघर कडेवर घेतात.

या नावांचे इथे येऊन काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बहमनचा बोमन झाला. नट बोमन इराणी यांचे नाव तेच. शहरियारचा शेरियार, मेहरबानचा मेरवान. शाहनाम्यातला वीर गूदर्झ गुजरातीतून फिरत फिरत गोदरेज झाला आणि आपल्या कपाटावर येऊन बसला. पारशांनी प्रत्येकाला ‘जी’ आणि ‘बाई’ लावली. इराण्यांना ती सवय उशिरा लागली, काहींना लागलीच नाही. उलट सायरस आणि दरायस ही नावे खेड्यातल्या जुन्या इराण्यांना ठाऊकच नव्हती. कूरुश आणि दारयूश हे प्राचीन सम्राट इराणच्या लोकस्मृतीतून पुसले गेले होते. युरोपीय विद्वानांनी शिलालेख वाचले, ग्रीकांची पुस्तके चाळली, आणि विसाव्या शतकात ही नावे परत पाळण्यात आली. मुंबईकरांनी ती इंग्रजीतून घेतली म्हणून सायरस, इराण्यांनी शिलालेखातून घेतली म्हणून कूरुश. शेटच्या नातवाचे नाव सायरस होते. शेट त्याला ‘सैरूस’ म्हणत आणि तो पोरगा ओ देत नसे.

मेरवानवरून आठवले. 25 फेब्रुवारी 1894 रोजी पुण्यात एका इराणी घरात जन्मलेल्या मुलाचे नाव मेरवान ठेवले होते. वडील शेरियार यझ्दकडचे, आणि आजोबांचे नाव मुंदेगारच! अहमदनगरजवळचे मेहेराबाद ज्यांच्यामुळे जगाला माहीत झाले ते मेहेरबाबा हेच. मेरवान म्हणजे मेहरबान. ‘मेहर’ म्हणजे मित्र, सूर्य आणि प्रेम. आणि हा शब्द आपण मराठीत किती वर्षे वापरतो आहोत! पेशवाईतल्या पत्रांचे मायने काढून पाहा, ‘मेहेरबान’ हजर आहे. एका यझ्दी खेडुताचे नाव आणि पुण्याच्या दप्तरातला मानाचा शब्द एकच. दरबारी पत्रे लिहिणाऱ्या पारसनिसांना याची कल्पना होती की नाही कोण जाणे. पारसनीस म्हणजे तरी काय, फारसी लिहिणारा.

बोली नावाला चिकटते आणि माणसाला उघडे पाडते, याचे एक उदाहरण सिनेमातले आहे. ‘आलम आरा’ काढणारे अर्देशीर इराणी पुण्याचेच. त्यांनी 1933 साली मुंबईत ‘दुख्तरे लुर’ हा पहिला फारसी बोलपट काढला. इराणी नायिका मुंबईत मिळेना. रूहअंगीझ नावाची जी बाई मिळाली तिच्या बोलण्यात केरमानचा हेल इतका, की लेखक अब्दुल हुसेन सेपंता यांना कथाच त्या हेलाला जुळवून घ्यावी लागली. तेहरानच्या प्रेक्षकांना ती फार आवडली म्हणतात. केरमानची फारसी अजून आहे. तिथल्या जरथुष्ट्र्यांची दरी मात्र जवळजवळ विझली आहे, आणि यझ्दकडेही नवी पिढी तेहरानला जाऊन फारसीच बोलते.

शेटच्या घरी दरी बोलणारे ते एकटेच उरले होते. पत्नी मुंबईची पारशी, ती गुजराती बोले. मुलगा इंग्रजी. दर शुक्रवारी संध्याकाळी यझ्दहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन येई. एरवी हळू बोलणारे शेट त्या वेळी इतक्या मोठ्याने बोलत, की खालचा वॉचमन वर पाहत असे. बहीण त्यांना आईने ठेवलेल्या घरच्या नावाने हाक मारी. ते खुदाच्या रांगेतले लांबलचक नाव नव्हे. त्याची मुडपून, शेवट ओढून केलेली लहान पोराची हाक. फोन कानाला लावला की ती पहिल्यांदा ते नाव घेई, आणि शेट म्हणत, “जुन?”

इराणात नावाला असा ओ देतात. आपण ‘ओ’ म्हणतो, ते म्हणतात ‘जान’. प्राण. तू हाक मारलीस, हा माझा प्राण. यझ्दकडे त्याचे ‘जुन’ होते.

2014च्या हिवाळ्यात बहीण गेली. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा शेट नेहमीसारखेच बसले होते. नेहमीसारखेच चहाचे विचारले. डाळिंबाचा विषय निघाला नाही.

2016च्या दिवाळीच्या आधीचा रविवार. मी निघायला उठलो, चपला घातल्या. शेट म्हणाले, “बस जरा. तुला एक काम सांगतो.” मग त्यांनी मला ते नाव सांगितले. आईचे. सात वर्षांत पहिल्यांदा. “दरवाज्यात उभा राहा,” ते म्हणाले, “आणि हाक मार.”

मी हाक मारली. त्यांनी मान हलवली. “शेवट छोटा केला. मराठी झाला.” मी पुन्हा मारली. “आता लांब झाला. लहान पोर आहे, गाढव नाही.” त्यांनी स्वतः एकदा म्हणून दाखवले, पण स्वतःचेच नाव घेताना त्यांचा आवाज बसला आणि ते थांबले. आतून त्यांच्या पत्नीने डोकावून पाहिले आणि ती परत गेली.

तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, त्यांच्या बहिणीचा फोनमधून येणारा आवाज आठवून, जशीच्या तशी हाक मारली.

“जुन?” शेट म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, “चहा तसाच राहिला तुझा. पिऊन जा.”